१४२८५७

१४२८५७ (एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न) ही एक विषम पूर्णांक संख्या आहे. चक्रीय संख्या म्हणून ती सर्वांत प्रसिद्ध आहे. तिला १ ते ६ पर्यंतच्या कोणत्याही संख्येने गुणले, तरी गुणाकारात तेच सहा अंक त्याच क्रमाने येतात. बदलते ती फक्त सुरुवात. दुपटीत २८५७१४, तिपटीत ४२८५७१, चौपटीत ५७१४२८, पाचपटीत ७१४२८५ आणि सहापटीत ८५७१४२. सातने गुणले की साखळी तुटते आणि ९९९९९९ मिळतात.

हा चमत्कार वाटतो, पण त्याचे मूळ सातच्या भागाकारात आहे आणि ते कागदावर सहज दिसते. १ ला ७ ने भागताना पुढे शून्य घेतले की १० होतात; भाग १ चा, बाकी ३. मग ३० मध्ये ४ चा भाग, बाकी २. पुढे २०, ६०, ४०, ५० यांना भाग देताना २, ८, ५, ७ हे अंक मिळतात आणि शेवटी बाकी पुन्हा १ उरते. म्हणजे बाक्या ३, २, ६, ४, ५, १ अशा क्रमाने येतात. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या शक्य असतात आणि इथे त्या सहाही येऊन जातात. त्यामुळे ३/७ चा भागाकार वेगळा करावाच लागत नाही. तो याच मांडणीत बाकी ३ पासून सुरू होतो आणि ०.४२८५७१… असा चालतो. तिपटीत हेच अंक का येतात, याचे उत्तर एवढेच.

संख्येचे दोन भाग करून बेरीज केली, तर १४२ + ८५७ = ९९९. तीन भाग केले, तर १४ + २८ + ५७ = ९९. वर्ग २०४०८१२२४४९ आहे आणि त्याचे तुकडे २०४०८ + १२२४४९ मिळवले की मूळ संख्या परत येते. अशा संख्यांना देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने कापरेकर संख्या म्हणतात. अंकांची बेरीज २७ असून तिने संख्येला निःशेष भाग जातो (भागाकार ५२९१), म्हणून ती हर्षद संख्याही आहे. हे नाव कापरेकरांनीच दिलेले.

मूळ अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. एकूण विभाजक ३२.

यातला फरक ध्यानात घ्यायला हवा. अवयव हे संख्येचे स्वतःचे गुण. चक्रीयपणा मात्र दशमान लेखनावर अवलंबून आहे. अष्टमान पद्धतीत १/७ हा ०.१११… असा लिहिला जातो, तिथे चक्र उरतच नाही.

१ ला भागताना शून्याखेरीजच्या सगळ्या बाक्या येऊन जातात, अशा सातसारख्या आणखी मूळ संख्या आहेत: १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१, ९७. पण १/१७ चे चक्र ०५८८२३५२९४११७६४७, म्हणजे शून्याने सुरू होणारे. दहापेक्षा मोठ्या प्रत्येक मूळ संख्येचे असेच होते, त्यामुळे शून्याने सुरू न होणारी अनेकअंकी चक्रीय संख्या दशमानात ही एकच. सातसारख्या मूळ संख्या अनंत आहेत आणि दर शंभर मूळ संख्यांत साधारण ३७ या प्रमाणात त्या आढळतात, असे गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडलेले अनुमान सुचवते. क्रिस्टोफर हूली यांनी १९६७ मध्ये ते सिद्ध केले खरे, पण व्यापक रीमान गृहीतक (अजून सिद्ध न झालेले एक गणिती विधान) मान्य करून. त्या आधाराशिवायची सिद्धता अजून मिळालेली नाही.