कॅबर्ने फ्राँ म्हणजे पातळ सोव्हिन्याँ नव्हे

शिनोंची, म्हणजे फ्रान्समधल्या कॅबर्ने फ्राँ या रेड वाइनची, बाटली उघडली की कुणीतरी म्हणतंच, "कॅबर्नेच आहे, पण पातळ. आणि किती आंबट-तुरट!" या एका वाक्यात दोन चुका आहेत. त्यांच्यापायी संभाजीनगरपासून लातूरपर्यंत चांगल्या मटणाशेजारी चुकीची वाइन येऊन बसते.

कॅबर्ने सोव्हिन्याँ ही काळ्या द्राक्षाची जात, आणि तिची वाइन, तुमच्या ओळखीची आहे. नाशिकच्या बाटल्यांवर नेहमी दिसणारी, गडद, भारदस्त. तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. कॅबर्ने फ्राँ ही तिची जन्मदाती. फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ही पांढऱ्या द्राक्षाची जात यांच्या संकरातून कॅबर्ने सोव्हिन्याँ झाली, हे 1997 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या संशोधकांनी डीएनए तपासून दाखवलं. तरीही आईला लेकीची पातळ नक्कल म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो. फ्राँ लवकर पिकते, म्हणून फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या थंड खोऱ्यात, शिनों आणि बुर्गयच्या मळ्यांत, तिचंच राज्य आहे. रंग जरा फिका, अंग हलकं, वास रास्पबेरीचा आणि सिमला मिरचीचा. ओळखायला एवढं पुरे.

खरी गल्लत होते ती आंबट आणि तुरट यांत. दोन्हींनी तोंड वाकडं होतं, म्हणून लोक ते एकाच श्वासात बोलून टाकतात. घोट गिळा आणि थोडं थांबा. गालांच्या आतून, जिभेखालून लाळ सुटली तर तो आंबटपणा. जीभ टाळूला चिकटली, हिरड्या खरखरीत झाल्या, तर तो तुरटपणा. तुरटपणा टॅनिनचा असतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा जातो. आधी चिंच, मग जांभूळ खाऊन बघा, पुन्हा कधी चुकणार नाही.

टॅनिन येतं मुख्यतः द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून. आंबटपणाचं गणित हवेवर आहे. द्राक्ष पिकताना ऊन कडक असेल तर त्यातलं मॅलिक आम्ल खर्ची पडतं आणि साखर वाढत जाते; हवा थंड असेल तर आम्ल टिकून राहतं. म्हणून ल्वारची फ्राँ आंबटाकडे झुकते आणि तिचं टॅनिन मऊ असतं. तिला सरसकट तुरट म्हणणाऱ्यानं तिची चव नीट घेतलेलीच नाही.

जेवणाची जोडी इथेच ठरते. टॅनिनला चरबी आणि प्रथिनं मिळाली की ते निवतं, म्हणून नान-खलियातल्या चरबीदार मटणाशी सोव्हिन्याँ खुशाल घ्या. पण काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा असेल तर ती नको. टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही तिखटाची आग वाढवतात, आणि उष्ण भागातली सोव्हिन्याँ सहज 14 टक्क्यांवर जाते. ल्वारची फ्राँ साधारण 12.5 ते 13.5 टक्क्यांची. तिचा आंबटपणा तर्रीचा तेलकटपणा कापतो आणि पुढच्या घासाला तोंड स्वच्छ करून देतो. रश्श्याला माझी पसंती फ्राँलाच, यात तडजोड नाही. चिंच घातलेल्या आमटीचंही तसंच. आंबट पदार्थापुढे कमी आम्लाची वाइन बेचव पडते.

शाकाहारी ताटात तर फ्राँ जास्तच खुलते. तिच्यातला सिमला मिरचीचा वास पायराझिन नावाच्या रसायनाचा, आणि तेच रसायन हिरव्या मिरचीतही असतं. मिरच्या भाजून घातलेलं वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी, नाहीतर थंडीतली सोलाण्याची आमटी यांच्याशी तिचा हिरवेपणा जुळून येतो. तो वास आला की बाटली खराब म्हणून बाजूला ठेवू नका. पुरणपोळीबरोबर मात्र दोन्ही नकोत. गोडापुढे कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, रेड वाइन नुसती आंबट आणि कडवट लागते.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, हा नियम थंड देशांतल्या घरांचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तिथे तो पाळून कसं चालेल? फ्राँ 14 ते 16 अंशांवर हवी, म्हणजे उन्हाळ्यात तासभर तरी फ्रिजमध्ये. सोव्हिन्याँ त्याहून थोडी कमी गार करा; फार गार झाली की टॅनिन आणखी बोचतं.