झुरळाच्या पोटातली पांढरी ठेव

घरात झुरळं पाळली की एक गोष्ट आपोआप होते. जगात कुठेही झुरळाबद्दल काही छापून आलं की ते फिरत फिरत आपल्यापर्यंत पोचतं. ‘झुरळाचं दूध नेहमीच्या दुधापेक्षा तिप्पट पौष्टिक’ ही बातमी मला आजवर इतक्या जणांनी पाठवली आहे की आता मी ती उघडतसुद्धा नाही. शेवटी एका मैत्रिणीने विचारलंच, “तुझ्या त्या डब्यातल्या झुरळांचं निघतं का गं?”

नाही निघत. मूळ संशोधन खरं आहे, पण ते वेगळ्याच झुरळाचं. ‘डिप्लॉप्टेरा पंक्टेटा’ या जातीची मादी पिल्लं पोटात वाढवते आणि त्यांच्यासाठी अंगातून एक प्रथिनयुक्त द्रव पाझरवते. गर्भ तो पितात आणि त्यांच्या आतड्यात त्याचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. 2016 मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने या स्फटिकांची रचना उलगडली, तेव्हा वजनास वजन धरलं तर त्यांत दुधाच्या तिपटीहून जास्त ऊर्जा असल्याचं दिसलं. जिवंत शरीराच्या आत प्रथिनाचे इतके नेटके स्फटिक होतात कसे, हे संशोधकांचं कुतूहल. बातमीदारांनी मात्र थेट पेलाच भरला. हे ‘दूध’ हवं तर गाभण मादीच्या पोटातून गर्भ काढून त्याचं आतडं उघडावं लागतं, हे काही कुठल्या मथळ्यात मावलं नाही.

वाईट याचं वाटतं की या गाजावाजात झुरळाची खरी करामत बाजूलाच राहते. ती दुधापेक्षा कितीतरी जुनी आहे, जवळपास सगळ्या झुरळांत आहे आणि माझ्या डब्यातही रोज चालू असते.

डब्यात आहेत ड्यूबिया. ‘ब्लॅप्टिका ड्यूबिया’, मूळची दक्षिण अमेरिकेतली. माझ्याकडे एक बिअर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आहे आणि ही झुरळं म्हणजे त्याचं जेवण. झुरळांच्या सुमारे 4,600 जाती माहीत आहेत. त्यांतल्या जेमतेम तीसेक माणसाच्या वस्तीत घुसतात आणि बाकीच्या सगळ्यांची अब्रू घालवतात. ड्यूबिया जंगलातल्या पालापाचोळ्यात राहणारी. चार-साडेचार सेंटिमीटर लांब, गडद तपकिरी, अंगावर नारिंगी छटा. नराला पूर्ण पंख, मादीला पंखांचे नुसते खुंट. नर वरून पडताना फडफडून स्वतःला सावरतो, तेवढंच त्याचं उडणं. आणि पाळणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा गुण म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकवर यांना चढता येत नाही. घरातलं झुरळ भिंतीवरून सरसर जातं ते पायाच्या टोकाला, दोन नख्यांच्या मध्ये असलेल्या चिकट गादीमुळे. ड्यूबियाची ही गादी अगदीच कामचलाऊ. त्यामुळे भिंत उंच आणि स्वच्छ असली की डब्याला झाकण नसलं तरी चालतं. मी लावते, ते पाहुण्यांच्या समाधानासाठी.

ड्यूबियाची मादीही पिल्लंच देते, पण दूध पाजत नाही. एकदा रात्री टॉर्च लावून पाहताना एका मादीच्या मागून पिवळसर, लांबट, कप्पे पाडलेली काहीतरी वस्तू बाहेर येताना दिसली. मला वाटलं, गेली ही. ती अंड्यांची पेटी होती. मादी ती जवळजवळ पूर्ण बाहेर काढते, एका अंगावर वळवते आणि हळूहळू परत आत ओढून घेते, पोटातल्या खास पिशवीत. तिथे ती साधारण दोन महिने राहते, मग वीस-तीस पांढरी पिल्लं बाहेर पडतात आणि काही तासांत तपकिरी होतात. पेटी अशी बाहेर आलेली असताना डबा हलवला, मादीला उचललं, तर ती पेटी टाकून देऊ शकते. नवखे लोक इथेच घात करतात, रोज डबा उघडून ‘झाली का पिल्लं’ बघतात.

डब्याची बाकी मांडणी सोपी आहे. कागदी लगद्याचे अंड्यांचे ट्रे उभे लावायचे, आडवे नाही, म्हणजे विष्ठा खाली गळून पडते. एका बाजूला हीट मॅट आणि थर्मोस्टॅट. 30 ते 32 अंश सेल्सिअसला वसाहत भरभर वाढते. तापमान विशीच्या आसपास आलं की झुरळं जगतात, पण पिल्लं होणं थांबतं. एका नरामागे तीन ते पाच माद्या पुरतात. पिल्लू वयात यायला चार ते सहा महिने लागतात, म्हणून पहिलं अर्ध वर्ष सरड्याने कितीही डोळे वटारले तरी माद्यांना हात लावायचा नाही. पाणी उघड्या वाटीत ठेवलं तर पिल्लं बुडतात. त्याऐवजी गाजराचे, भोपळ्याचे तुकडे.

याच तुकड्यांनी माझा पहिला डबा घालवला. चार दिवस बाहेर होते, म्हणून भरपूर भाजी टाकली, वर मांजरांचं खाणं ठेवलं (प्रथिनं जास्त, म्हणजे वाढ जास्त, हे माझं गणित) आणि झाकणाची भोकं अर्धी बुजवली. परत येऊन झाकण उघडलं तर डोळ्यांतून पाणी आलं. अमोनिया. खाली चिखल झाला होता आणि निम्मी झुरळं उताणी पडली होती. आधी वाटलं, झुरळंच ती, मुततात तर वास येणारच. पण तो अमोनिया ओल्या विष्ठेत आणि सडलेल्या खाण्यात जिवाणूंनी बनवलेला होता. झुरळ स्वतः नत्राच्या बाबतीत कमालीचं कंजूष आहे. इथून पुढे मी जरा वाहवत जाणार आहे.

प्रथिनं खाल्ली की त्यांतला नत्र उरतो, आणि तो अमोनियाच्या रूपात शरीराला विष असतो. मासे तो पाण्यात सोडून देतात. आपण त्याचा युरिया करतो, पण युरिया बाहेर काढायला पाणी खर्च होतं. पक्षी, पाली-सरडे आणि बहुतेक कीटक त्याचं युरिक आम्ल बनवतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे पाणी न दवडता पांढऱ्या पिठासारखं टाकता येतं. इथवर शाळेतलं. गंमत अशी की अनेक जातींच्या झुरळांच्या विष्ठेत हे युरिक आम्ल शोधलं तर सापडत नाही. बनवतात तर खरं. मग जातं कुठे?

त्या उताण्या झुरळांपैकी एक मोठी मादी मी भिंगाखाली उघडली होती. आतड्याभोवती, जिथे तिथे, खडूच्या भुकटीने माखल्यासारखे पांढरेशुभ्र झुबके. तो मेदपिंड. कीटकांचा मेदपिंड म्हणजे आपलं यकृत आणि चरबी यांची एकत्र गृहस्थी. झुरळात त्याच्या तीन तऱ्हेच्या पेशी असतात: एक चरबी साठवणाऱ्या, दुसऱ्या युरिक आम्लाचे कण (म्हणजे युरेट) साठवणाऱ्या, आणि तिसऱ्या, ज्यांच्या आत जिवंत जिवाणू खच्चून भरलेले असतात. हे जिवाणूसारखे कण प्राणिशास्त्रज्ञ फ्रीडरिश ब्लॉखमान यांनी 1887 मध्येच पाहिले होते. त्यांचं आजचं नाव ब्लाटाबॅक्टेरियम. युरेटच्या पेशी यांच्या अगदी शेजारी, खेटून. धान्याचं कोठार आणि गिरणी एका भिंतीला असावी तशी.

2009 मध्ये या जिवाणूचा जनुकसंच वाचला गेला. लांबी साडेसहा लाख अक्षरांच्या आत. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूची त्याच्या सातपट. झुरळाच्या पेशीत आयतं घर मिळाल्यावर या जिवाणूने बहुतेक जनुकं टाकून दिली. पण जे राखलं ते पाहा: प्राण्यांना स्वतः बनवता न येणारी ॲमिनो आम्लं बनवण्याची जनुकं, काही जीवनसत्त्वांची, आणि युरिएज हे विकर. युरिएज युरिया फोडून अमोनिया देतं, तो अमोनिया ग्लुटामेट नावाच्या ॲमिनो आम्लात बांधला जातो आणि ग्लुटामेटपासून बाकीच्या आम्लांना नत्र मिळतो.

हुशार वाचकाच्या मनात इथे शंकेची पाल चुकचुकायला हवी. साठवलेलं आहे युरिक आम्ल, आणि जिवाणू फोडतोय युरिया. मधला पूल कुठे आहे? युरिक आम्ल फोडायची पहिली पायरी युरिकेज या विकराची, आणि ते ब्लाटाबॅक्टेरियमकडे नाही. जर्मन झुरळाच्या (घरांत दिसणारी एक लहान जात) अभ्यासात हा पूल सापडला: युरिक आम्लापासून अॅलंटॉइन, तिथून अॅलंटॉइक आम्ल आणि मग युरिया, या पायऱ्या झुरळाची स्वतःची जनुकं पार पाडतात. पुढची पायरी जिवाणूची. म्हणजे एकच उत्पादनसाखळी दोन वेगवेगळ्या जिवांत वाटलेली आहे, आणि एकट्याच्याने ती पुरी होत नाही. युरिक आम्लाच्या एका रेणूत नत्राचे चार अणू. इतर प्राणी जे फेकतात, ते झुरळ मुदत ठेवीत टाकतं आणि उपासमारीच्या काळात मोडून खातं. (माणसाने तर युरिकेज उत्क्रांतीच्या ओघात गमावलंच आहे. आपल्या सांध्यांत युरिक आम्लाचे खडे साचतात, त्याला आपण गाऊट म्हणतो. साठा दोघांकडे, पण मोडायची सोय एकाकडेच.)

प्रतिजैविकं देऊन हे जिवाणू मारले तर झुरळं लगेच मरत नाहीत, पण वाढ खुंटते, कवच फिकं पडतं, वंश पुढे जात नाही आणि मेदपिंडात युरेटचे ढीग साचत जातात. कोठार भरतंय, गिरणी बंद. म्हणून हे जिवाणू नशिबावर सोडलेले नाहीत. आईच्या अंडाशयात ते अंड्यांत शिरतात आणि प्रत्येक पिल्लू ते घेऊनच जन्मतं. ही सोबत दहा कोटी वर्षांपेक्षा जुनी आहे. वाळवी म्हणजे खरं तर लाकडावर गेलेली झुरळंच. त्यांच्यातल्या बाकी सगळ्यांनी हा जिवाणू सोडला, पण ऑस्ट्रेलियातल्या मास्टोटर्मिस या जुन्या वळणाच्या वाळवीने तो अजून सांभाळला आहे. आणि जर्मन झुरळाचा नर मीलनाच्या वेळी शुक्राणूंच्या गाठोड्यावर युरेटचा लेप देऊन ते मादीला देतो. तिला नत्राची चणचण असेल तर तो अंड्यांच्या कामी येतो. भेटवस्तू म्हणून लघवीतला पदार्थ. पण हिशोब चोख.

आता परत डब्याकडे. हे सगळं कळल्यावर मांजरांचं खाणं बंद केलं. प्रथिनं भरमसाट दिली की झुरळ त्यातला जास्तीचा नत्र फेकत नाही, युरेट म्हणून अंगात भरतं; प्रयोगांत हे मोजून पाहिलेलं आहे, आणि प्रथिनं कमी केली की साठा उतरतो हेही. असं भरलेलं झुरळ सरड्याने खाल्लं की तो सगळा माल त्याच्या मूत्रपिंडांकडे जातो. सरडा स्वतःच युरिक आम्लवाला, त्यात पाणी कमी पडलं की गाऊटची भीती. म्हणून माझ्या डब्यात आता भरडलेलं धान्य मुख्य, प्रथिनं बेताची, आणि खायला घालायच्या झुरळांना आधी एक-दोन दिवस वेगळं काढून हिरवा पाला आणि गाजर. पोट भरलेलं झुरळ म्हणजे सरड्यासाठी आतून भाजी भरलेली पुरी.

कॅल्शियमचं मात्र झुरळाकडून काही होत नाही. त्याचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं, हाडं नाहीत, त्यामुळे अंगात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त. सरड्याला उलटं प्रमाण लागतं. म्हणून वरून कॅल्शियमची पूड भुरभुरायची आणि सरड्याच्या घरात यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लावायचा, नाहीतर हाडं रबरासारखी वाकतात.

खबरदारीची एक गोष्ट सांगायलाच हवी. झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात यांची धूळ श्वासातून गेली की काहींना ॲलर्जी होते, दमाही बळावतो. वर्षानुवर्षं पाळणाऱ्यांना हळूहळू होते, तेव्हा डबा साफ करताना मास्क आणि उघडी खिडकी. साफ करतानाही सगळी विष्ठा काढत नाही, मूठभर कोरडी ठेवते. पिल्लं ती खातात आणि आतड्यातले जिवाणू त्यांना तिथून मिळतात. ते वेगळे, मेदपिंडातले वेगळे.

रात्री टॉर्च मारला की डब्यात कधीकधी एखादं पांढरंशुभ्र झुरळ दिसतं, काळ्या डोळ्यांचं. लोक त्याला ‘अल्बिनो’ म्हणून दुर्मीळ ठरवतात. ते नुकतंच कात टाकलेलं असतं. सकाळपर्यंत इतरांसारखं तपकिरी होतं. ड्रॅगनला ते दिसलं तर सकाळपर्यंत उरत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरातली घाण टिश्यूने उचलते तेव्हा तिचे दोन भाग असतात: एक तपकिरी, आणि त्याला चिकटलेला एक पांढरा, खडूसारखा गोळा. तो दाबला की भुगा होतो. युरिक आम्ल. झुरळाने सहजी मोडली नसती ती ठेव सरडा एका सकाळीत टाकून मोकळा झालेला असतो.