माथाडी मंडळ

माथाडी मंडळ : ओझी उचलणे, वाहणे, उतरविणे, थप्पी लावणे, मोजणे अशी अंगमेहनतीची कामे करणाऱ्या, पण एकच एक मालक नसलेल्या कामगारांची आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या मालकांची नोंदणी करून मजुरी व लाभ यांचे वाटप करणारी महाराष्ट्रातील वैधानिक त्रिपक्षीय (मालक, कामगार व शासन यांची) संस्था. ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ हा तिचा आधार. किराणा बाजार, कापड बाजार, लोखंड-पोलाद, भाजीपाला, रेल्वे मालधक्का अशा व्यवसायांसाठी किंवा जिल्ह्यांसाठी स्वतंत्र मंडळे असून त्यांची संख्या साधारणपणे ३६ सांगितली जाते.

‘माथाडी’ हा शब्द माथ्यावर ओझे वाहणारा या अर्थी ‘माथा’वरून आला, असे सामान्यतः मानतात. व्युत्पत्ती सरळ दिसली, तरी कामाचे वर्णन ती पुरते करीत नाही. दाणाबाजारातील पोते बहुधा पाठीवरून जाते : पाठीवर गोणपाटाची घडी, हातात पोते ओढण्याचा लोखंडी आकडा. कायद्याच्या नावात हा शब्द हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसोबत येतो. तेव्हा तो शरीराच्या एखाद्या अवयवापेक्षा कामाच्या पद्धतीचा, म्हणजे एकत्र काम करून मजुरी वाटून घेणाऱ्या टोळीचा, वाचक मानणे अधिक योग्य वाटते.

मंडळाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार हा आराखडा मुंबई गोदीतून आला. गोदी कामगारांसाठी १९४८ च्या केंद्रीय कायद्याने मालक, कामगार व शासन यांची संयुक्त मंडळे आधीच उभी केली होती. नोंदणी, पाळी आणि एकत्रित वेतनवाटप ही त्यांचीच पद्धत. दुसरे मत टोळीच्या चळवळीवर भर देते. पाटण, जावळी, जुन्नर, आंबेगाव अशा डोंगरी तालुक्यांतून मुंबईच्या मशीद बंदर, दाणाबंदर भागात आलेली माणसे गावकीच्या ओळखीने टोळीत शिरत. व्यापारी टोळीवाल्याला किंवा मुकादमाला पैसे देई आणि मुकादमाचा वाटा काढून उरलेले टोळीत वाटले जात. अपघात झाला, तर विचारणारे कोणी नसे. अण्णासाहेब पाटील (१९३३–८२) यांनी या कामगारांची संघटना बांधली. पुण्यात १९५० च्या दशकापासून बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने अशाच मागण्या लावून धरल्या. शासनाने १९६५ मध्ये नेमलेल्या समितीने माथाडी, हमाल, लोखंडी जथा (लोखंडी माल हलविणाऱ्या टोळ्यांतील) कामगार इत्यादींची पाहणी केली. मालक निश्चित नाहीत आणि मजुरी नगावर ठरते, म्हणून प्रचलित कामगार कायदे यांना लागू पडत नाहीत, ही अडचण विधेयकामागे होती. आराखडा गोदीचा असला, तरी तो बाजारपेठेत आणण्याचे बळ संघटनेचे होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

मंडळावर मालक व कामगार यांचे प्रतिनिधी समसंख्य असतात. शासनाचे प्रतिनिधी या दोहोंच्या एकूण संख्येच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसतात आणि अध्यक्ष त्यांच्यापैकी असतो. ट्रक लागला, टोळीने पोती उतरवून थप्पी लावली, की नग व दर यांची नोंद होते. महिन्याच्या हिशेबाने मालक मजुरी व तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ टोळीतील प्रत्येकाच्या नावे मजुरी जमा करते. लेव्ही मजुरीतून कापली जात नाही, ती मालकाने वर द्यायची असते. भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, रजा, वैद्यकीय मदत यांचा खर्च तीतून चालतो. ज्याला सकाळी कोणाचे पोते उचलायचे हे ठाऊक नसते, त्याला म्हातारपणी हक्काची रक्कम मिळावी, ही असंघटित श्रमाच्या इतिहासातील फार मोठी गोष्ट आहे. लेव्हीची टक्केवारी मंडळागणिक वेगळी असते.

‘असंरक्षित कामगार’ या संज्ञेवर सर्वाधिक वाद झाले. कायद्याच्या शब्दांनुसार अनुसूचित (कायद्याच्या यादीत नोंदलेल्या) कामावर असलेला प्रत्येक श्रमजीवी यात येतो. मालकांचे म्हणणे असे, की कायम नोकरीत असलेले व अन्य कायद्यांचे संरक्षण मिळालेले कामगार यातून वगळावेत. हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे वारंवार गेला. कायद्याचा हेतू पाहता, ज्यांना दुसरे छत्र नाही त्यांच्यासाठी तो आहे, हे वाचन सयुक्तिक दिसते. मात्र कागदोपत्री ‘कायम’ दाखवून नोंदणी टाळण्याची वाट त्यातून मोकळी राहते, ही संघटनांची भीतीही खरी आहे. औद्योगिक पट्ट्यांत माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळली जाते, अशी उद्योजकांची तक्रार आहे. २०२३ मध्ये मांडलेल्या सुधारणा विधेयकाच्या निमित्ताने हे दोन्ही मुद्दे पुन्हा पुढे आले. मंडळांवरील प्रतिनिधींच्या नेमणुका रखडतात आणि कारभार एकट्या अधिकाऱ्याकडे राहतो, असे कामगार संघटना सांगत आल्या आहेत. अशा वेळी ‘त्रिपक्षीय’ हे विशेषण नावापुरते उरते.

ओझ्याच्या वजनाचा प्रश्न मजुरीइतकाच जुना. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किग्रॅ. ही मर्यादा सुचविली असताना बाजारात १०० किलोची पोती दीर्घकाळ उचलली जात होती. ५० किलोंचे पोते हा हमाल संघटनांनी चिकाटीने लावून धरलेला आग्रह होय.

घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत हलले, त्यांच्यामागे टोळ्याही गेल्या. तुर्भ्याच्या धान्यबाजाराला आजही ‘दाणाबंदर’ म्हणतात. महाराष्ट्रातील सुरक्षारक्षकांसाठी १९८१ मध्ये याच धर्तीचा कायदा झाला. केरळने ओझेवाहू कामगारांसाठी १९७८ मध्ये, तर गुजरातने १९७९ मध्ये कायदा केला.