मुलांमधील ओसीडीवरील कुटुंबाधारित उपचार

ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ (मनात पुन्हापुन्हा येणारी भीती शमवण्यासाठी तीच ती कृती करत राहण्याचा आजार), असलेल्या मुलाबरोबर त्याच्या आईवडिलांनाही प्रशिक्षण देणारी मानसोपचार पद्धत. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि त्यानंतरची ठरलेली कृती करायची नाही, हे तिचे मुख्य तंत्र. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये प्रौढ रुग्णांवर असे उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. मुलांसाठी त्यात भर पडली ती घरच्यांच्या वागणुकीची.

ओसीडी असलेल्या मुलाच्या घरात सगळेच नकळत आजाराची चाकरी करू लागतात. आई दिवसातून अनेकदा ‘हात स्वच्छ आहेत’ असे सांगते, बाबा दाराची मूठ स्वतः फिरवतात, भावंड ठरावीक खुर्चीवर बसत नाही. मुलाला घडीभर बरे वाटते. पण भीती खोटी होती हे कळण्याची संधी हुकते आणि पुढची मागणी वाढते. खात्री करून घेण्यासाठी पुन्हापुन्हा विचारणे हीसुद्धा ओसीडीचीच कृती आहे. आजाराला मिळणारी घरच्यांची ही साथ किती आहे, हे मोजण्यासाठी वेगळी प्रश्नावलीही वापरतात. लक्षणांची तीव्रता ० ते ४० गुणांच्या मापनश्रेणीवर ठरवली जाते. संशोधनात साधारणतः १६ किंवा अधिक गुणांची मुले घेतली जातात.

उपचार सहसा १२ ते १४ सत्रांचे असतात. अगदी लहान मुलांच्या बाबतीत पहिली सत्रे फक्त पालकांबरोबर होतात. पुढे मूल आजाराला स्वतःच एखादे नाव देते, त्यामुळे भांडण मुलाशी न राहता आजाराशी होते. मग ‘भीतीच्या तापमापका’वर ० ते १० आकडे देऊन प्रसंगांची शिडी तयार होते. दाराच्या मुठीला एक बोट लावून दहा मिनिटे हात न धुणे ३ वर असेल, तर मूठ धरून तसेच जेवायला बसणे ८ वर. सुरुवात ३-४ आकड्यांच्या पायरीपासून. सत्रात केलेला सराव घरी रोज करायचा. आठवड्यातून एकदाच केलेल्या सरावाने फारसे हाती लागत नाही.

साथ काढून घेणे हा सर्वांत नाजूक भाग. एका वेळी एकच गोष्ट निवडायची, मुलाला आधी सांगायची आणि ठरलेले वाक्य शांतपणे म्हणायचे: ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय. हा प्रश्न ओसीडीचा आहे, मी उत्तर देणार नाही. तुला हे जमेल.’ पहिल्या काही दिवसांत रडणे, ओरडणे वाढू शकते. हे पालकांना आधीच सांगितलेले नसेल तर ते इथेच माघार घेतात. चार दिवस नकार आणि पाचव्या दिवशी होकार हे तर सर्वांत वाईट, कारण अधिक वेळ रडले की काम होते हे मूल शिकते. आईने थांबवले आणि आजीने उत्तर दिले तरी परिणाम तोच. म्हणून घरातील सर्व मोठ्यांना एका सत्राला तरी बोलवावे.

चुका इतरही होतात. सरावाच्या वेळी ‘काही होणार नाही’ म्हणणे म्हणजे पुन्हा दिलासाच. हात धुणे थांबते, पण मूल त्याऐवजी मनात आकडे मोजू लागते; हीसुद्धा ओसीडीचीच कृती, आणि ती नजरेतून सुटते. बक्षीस भीती न वाटल्याबद्दल नव्हे, प्रयत्नाबद्दल द्यायचे असते. शिक्षा आणि जबरदस्ती यांना या पद्धतीत जागा नाही. मोठ्या पायरीवर ढकललेले मूल पुढचा सरावच नाकारते.

पाच ते आठ वर्षांच्या १२७ मुलांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत या उपचारांनी ७२ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. तुलनेच्या गटात ४१ टक्के. त्या गटातही पालक सहभागी होते, पण शिथिलीकरण, म्हणजे शरीर-मन सैल सोडण्याचे तंत्र, शिकत होते. म्हणजे पालक नुसते सोबत असणे पुरत नाही, भीतीचा सराव लागतोच.

तीव्र आजारात सर्ट्रालिनसारखे औषध बालमानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली जोडले जाते. लक्षणे एकाएकी उसळली असतील तर आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मूल उपचारांना यायलाच तयार नसेल, तर केवळ पालकांबरोबर काम करण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी येल विद्यापीठात विकसित केली आहे; तिच्यात पालक कोणती साथ केव्हापासून थांबवणार हे मुलाला लेखी कळवतात.