भूसंपादन : खातेदाराने कोणत्या टप्प्यावर काय करावे

धरण, रस्ता, कालवा अशा सार्वजनिक कामासाठी 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याखाली (अंमल 1 जानेवारी 2014 पासून) खासगी जमीन घेतली जाते, तेव्हा मोबदला कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना निघण्याच्या तारखेच्या बाजारभावाने ठरतो आणि त्या तारखेनंतर जमिनीची खरेदी-विक्री किंवा गहाण करता येत नाही. म्हणून वारसनोंद, वाटणीचा फेरफार किंवा फेडलेल्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर राहिला असेल, तर तो प्रकल्पाची चर्चा सुरू होताच निकाली काढावा. अधिसूचनेपासून 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. तिची पोच जपून ठेवावी.

संयुक्त मोजणीच्या (संबंधित खात्यांनी मिळून केलेल्या जमिनीच्या मोजणीच्या) वेळी खातेदाराने स्वतः हजर राहावे. विहीर, जलवाहिनी, फळझाडे, गोठा यांची नोंद त्या वेळी सुटली, तर पुढे ती करून घेणे फार कष्टाचे होते.

बाजारभाव, त्यावर ग्रामीण भागात 1 ते 2 मधला गुणक, त्यात बांधकामे व झाडे यांचे मूल्य आणि या एकूण रकमेइतकेच दिलासा मूल्य (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची जादा रक्कम), असा हिशेब असतो. गुणक 2, जमिनीचा बाजारभाव 10 लाख व विहिरीचे मूल्य 3 लाख धरले, तर 23 लाखांचे 46 लाख होतात. बाजारभावावरील वार्षिक 12 टक्के रक्कम वेगळी.

पात्रता केवळ मालकापुरती नाही. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारे आणि उपजीविकेचे मुख्य साधन गमावणारे कूळ, वाटेकरी व शेतमजूरही पुनर्वसनाच्या लाभांसाठी बाधित कुटुंबांत मोडतात. त्यांनी वास्तव्याचे व कामाचे पुरावे सर्वेक्षणातच द्यावेत.

रक्कम घेताना सातबारा, आठ-अ, फेरफार, आधार, पॅन, बँक पासबुक आणि सहहिस्सेदारांची संमतीपत्रे सामान्यतः मागितली जातात. मोबदला कमी वाटत असल्यास पैसे नाकारण्याची गरज नाही, मात्र ते ‘हरकत राखून’ स्वीकारल्याचे पावतीवर लिहावे, कारण तसे न लिहिता रक्कम घेणाऱ्याला कलम 64 खाली वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. घाईत सही करणाऱ्यांचे खरे नुकसान इथे होते. निवाडा (मोबदला ठरवणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश) जाहीर होताना हजर असलेल्याने हा अर्ज सहा आठवड्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावयाचा असतो.