फुगवट्याचा आकडा

वाळूजच्या एका शेडमध्ये पाच मिलिमीटरच्या पत्र्यात खाचा कापायच्या होत्या. खाच साधीच, दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना अर्धगोल. फाइल पाठवून अर्धा तास होत नाही तोच लेझरवरच्या ऑपरेटरचा फोन आला, "सर, तुमचं ड्रॉइंग तुटकं हाय. ओपन काँटूर दाखवतंय." माझ्या स्क्रीनवर तर आकृती अखंड दिसत होती. बरंच झूम केलं तेव्हा एका कोपऱ्यात रेष आणि कंस यांच्यात 0.3 मिलिमीटरची फट सापडली. डोळ्याला न दिसणारी, पण मशीनसाठी तिथं रस्ताच संपत होता.

ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, शिकणाऱ्या बऱ्याच मुलांना वाटतं की लाइन आणि पॉलीलाइन एकच. दिसायला सारख्या, मग कशानंही काढा. संगणकाच्या लेखी मात्र मी काढलेली खाच म्हणजे चार अनोळखी वस्तू होत्या. प्रत्येक लाइन आपली दोन टोकं लक्षात ठेवते. सुटा कंस तर टोकं ठेवतच नाही. तो केंद्र, त्रिज्या आणि सुरुवातीचा व शेवटचा कोन ठेवतो. टोक कुठं येतं ते दर वेळी हिशेब करून काढावं लागतं. मी नंतर रेषेचं टोक जरा सरकवलं, कंसाला त्याची खबरच नाही.

पॉलीलाइनमध्ये बिंदूंची एकच माळ असते. एका तुकड्याचं शेवटचं टोक हेच पुढच्या तुकड्याचं पहिलं टोक, आणि तो बिंदू एकदाच लिहिलेला. मग फट पडणार कुठून? पण माळेत नुसते बिंदू असतील, तर दोन बिंदूंमध्ये सरळ रेष आहे की कंस, आणि कंस असेल तर किती वाकलेला, हे कसं कळायचं? त्यासाठी प्रत्येक बिंदूसोबत, तिथून निघणाऱ्या तुकड्यासाठी, आणखी एकच आकडा ठेवतात. इंग्रजीत त्याला बल्ज म्हणतात, आपण फुगवटा म्हणू. हा आकडा मला फार आवडतो, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबतो.

कंस म्हणजे धनुष्य समजा. दोरी ती ज्या, म्हणजेच जीवा. दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पाठीपर्यंतची उंची तो शर. शराला अर्ध्या ज्येनं भागा, झाला फुगवटा. सरळ रेषेत शरच नाही, म्हणून फुगवटा 0. अर्धवर्तुळात शर आणि अर्धी ज्या दोन्ही त्रिज्येएवढे, म्हणून फुगवटा 1. चिन्हावरून दिशा कळते: धन असेल तर कंस घड्याळाच्या उलट फिरतो, ऋण असेल तर घड्याळाप्रमाणे.

पुस्तकात हीच व्याख्या वेगळी दिसते: केंद्रापाशी होणाऱ्या कोनाच्या चौथ्या भागाचा टॅन. चौथाच का? दहावीतलं अंतर्लिखित कोनाचं प्रमेय आठवा. ज्येच्या एका टोकापासून कंसाच्या मध्यबिंदूपर्यंत रेष ओढा. ही रेष आणि ज्या यांच्यातला कोन अर्ध्या कंसाकडे बघतो, आणि अंतर्लिखित कोन समोरच्या कंसाच्या निम्मा असतो. अर्ध्याचा निम्मा, म्हणजे पाव. त्या कोनाचा टॅन म्हणजेच शर भागिले अर्धी ज्या. पाव कोन घेण्यात सोयही मोठी. निम्म्या कोनाचा टॅन घेतला असता तर अर्धवर्तुळालाच तो 90 अंशांवर जाऊन अनंत झाला असता. पाव घेतल्यानं तो पेच थेट पूर्ण वर्तुळापर्यंत लांबतो. तिथं मात्र सुटका नाही. पूर्ण वर्तुळ पॉलीलाइनच्या एका तुकड्यात बसत नाही, फुगवटा 1 असलेली दोन अर्धवर्तुळं जोडावी लागतात.

आता चिकलठाण्यातल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडे चला. कमानीच्या खिडकीला ग्रिल करायचं आहे. केंद्र कुठंतरी हवेत, तिथं टेप कोण धरणार? तो रुंदी आणि उंची घेतो: 6 फूट आणि 1 फूट. अर्धी ज्या 3, तिचा वर्ग 9, त्याला शर 1 नं भागलं तर 9, त्यात शर मिळवला की 10. हा व्यास. त्रिज्या 5 फूट, केंद्र ज्येच्या 4 फूट खाली, फुगवटा एक तृतीयांश. हा नियम भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'लीलावती'त आहे आणि तिथल्या उदाहरणातले आकडेही हेच आहेत, ज्या 6, शर 1, व्यास 10. हे सांगितलं की कुणीतरी लगेच "बघा, कॅड आपल्याकडे आधीच होतं" असा मेसेज फिरवतं. नव्हतं. होती ती भूमिती, आणि ती इतकी पक्की की आजही जशीच्या तशी चालते. तिचा मान राखायचा तर तो नियम स्वतः सिद्ध करून बघावा. फॉरवर्ड करून काही कळत नाही.

माझी खाच पॉलीलाइनमध्ये अशी लिहिली जाते: (0,0) फुगवटा 0, (40,0) फुगवटा 1, (40,20) फुगवटा 0, (0,20) फुगवटा 1, आणि क्लोज, म्हणजे शेवटचा बिंदू पहिल्याला जोडा. एवढ्यावरून क्षेत्रफळही मिळतं, 800 अधिक 100π, म्हणजे सुमारे 1114 चौरस मिलिमीटर. दोन्ही 1 च्या जागी उणे 1 पडलं तर अर्धगोल आत वळतात आणि खाचेची कंबर आवळली जाते. मशीनच्या भाषेतही सरळ रेषेला जी01, घड्याळाप्रमाणे कंसाला जी02, उलट कंसाला जी03. फुगवट्याच्या चिन्हावरूनच यातला कोणता लिहायचा ते ठरतं.

सुटे तुकडे नंतर जोडायचे असतील तर पी-एडिट या कमांडमध्ये मल्टिपल निवडून जॉइन करता येतं. तिथं फझ डिस्टन्स विचारतात, म्हणजे केवढी फट चालवून घ्यायची. मोठा आकडा टाकला की सगळं झटकन जुळतं, पण ते जुळवताना आकृतीची टोकं हलतात. त्या दिवशी माझाही हात आधी तिकडंच गेला होता. मग फझ सोडला, चार बिंदू नव्यानं टाकून खाच पॉलीलाइननं काढली आणि फाइल पाठवली. या वेळी ऑपरेटरचा फोन आला तो फक्त किती नग कापायचे हे विचारायला.