'मीडिओकर': मधल्याचा सुमार कसा झाला

'मीडिओकर' हा इंग्रजी शब्द पाठ करणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला शब्दकोशात 'पिंगयोंग', म्हणजे सामान्य, सुमार, असा अर्थ सापडतो. तो बरोबरच आहे. पण 'मध्यम दर्जाचा' एवढंच लक्षात ठेवलं, तर मध्यम उंचीच्या माणसालाही तो हा शब्द लावतो. यजमानीणबाईंचं जेवण 'मीडिओकर' होतं असं सहज म्हणतो आणि त्या दुखावतात. उंचीसाठी 'ॲव्हरेज' चालतं, कारण ती नुसती मोजणी आहे. 'मीडिओकर' म्हणताना मात्र याहून बरं हवं होतं, ही नाराजी आलीच.

मुळात ती नव्हती. लॅटिनमध्ये 'मेदिउस' म्हणजे मधला आणि 'ओक्रिस' म्हणजे खडकाळ डोंगर. डोंगराच्या अर्ध्यावर असलेला तो 'मेदिओक्रिस'. रोमन कवी होरेस याने इ.स.पू. 23 च्या सुमाराच्या आपल्या गीतांत याच शब्दावरून आलेल्या 'मेदिओक्रितास' (मधलेपणा) या नामाला सोन्याचं विशेषण जोडलं. आपण ज्याला सुवर्णमध्य म्हणतो, तो हाच. आणि त्याच होरेसने अन्यत्र बजावलं, की मधल्या दर्जाचे कवी ना माणसांना खपतात, ना देवांना, ना पुस्तकविक्रेत्यांच्या (पुस्तकांची जाहिरात लावायच्या) खांबांना. जगण्यात मधलं चांगलं, कलेत वाईट! फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलेल्या शब्दाला पुढे ही दुसरी बाजूच जास्त चिकटली.

चिनी विद्यार्थ्याला हे परकं वाटायचं कारण नाही, आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. 'पिंगयोंग'मधलं 'योंग' हे अक्षर 'झोंगयोंग' या कन्फ्यूशियन ग्रंथाच्या नावातही आहे; त्यातलं 'झोंग' म्हणजे मध्य. बाराव्या शतकात झू शी या पंडिताने हा ग्रंथ 'चार ग्रंथां'त बसवला. 'योंग' म्हणजे रोजचं, साधं, असा अर्थही त्याने दिला. 1313 च्या फर्मानानंतर हे चार ग्रंथ राजसेवेच्या परीक्षेचा पाया झाले. ती परीक्षा 1905 मध्ये बंद झाली. म्हणजे तोल सांभाळणारा मध्य पिढ्यान्‌पिढ्या पूज्य होता. तेच अक्षर 'योंगयी' या शब्दात मात्र अडाणी वैद्याला लागतं.

मराठीत 'सुमार'चं असंच झालं. फारसीत 'शुमार' म्हणजे मोजणी. त्यावरून 'सुमारे शंभर' आलं, 'बेसुमार' आलं, आणि 'सुमार नाटक' म्हटलं की प्रेक्षक नाराज होऊन उठलाय हे कळतं.

बोलण्यात चिनी माणूस बहुधा 'यीबान' म्हणतो, म्हणजे 'साधारण'. त्यातली नाराजी सुरावरून कळते: जेवण कसं होतं या प्रश्नावर जरा थांबून 'यीबान' आलं, की ते आवडलेलं नाही. 'मीडिओकर'मध्ये ती नाराजी शब्दातच असते, सूर कितीही मवाळ ठेवला तरी. म्हणून कुणाच्या घरी जेवल्यावर हा शब्द नको. गाजावाजा झालेल्या सिनेमाने निराशा केली, तर तिथे तो नेमका बसतो.